खालची पायरी

“काय वो सोमारीबाई, तू आमच्या घरावर करणी करून राह्यली काय?”

चंचलनं एका दमात विचारून टाकलं. मग तिच्या लक्षात आलं की विचारताना आपला उजवा हात पुढे गेला आहे, भाषणाच्या स्पर्धेत करायचा असतो तसा. तिनं तो हळूच मागे घेतला.

सोमारी चंचलच्या घराच्या खालच्या पायरीशी उकिडवी बसली होती. पायरीवर तिनं पानांचा द्रोण उपडा केला होता. त्यातून पडलेली मोहाची ताजी, फिकट पिवळी फुलं, वर चिमूटभर तांदूळ, आणि आता ती कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीतून त्यावर थेंब थेंब काहीतरी सांडत होती. प्रश्न ऐकून तिचा हात थांबला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं बाटली तिरकी धरली, बूच घट्ट लावलं आणि मगच मान वर केली.

“कोणं सांगतलं तुले इचाराले?”

“कोणी नाई. मीच.”

“मंग बोरिंगच्या मागं दोन डोस्की कायची दिसून राह्यली?”

बोरिंगच्या मागची दोन डोकी पटकन खाली गेली. एक रंजीताचं, एक मिथुनचं. दोघंही चंचलच्याच वर्गातले, नववीतले. पैज लावली होती ती रंजीतानं. जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत चंचलला पहिला नंबर मिळाला, हातभर उंच कप मिळाला, आणि तेव्हापासून तिला माइक नसला तरी माइकसमोर उभं असल्यासारखंच वाटायचं. दुकानदाराला ती विचारायची, मीठ महाग काऊन झालं. बसच्या कंडक्टरला विचारायची, गाडी उशिरा काऊन आली. “पोट्टी मोठी भाषणवाली झाली,” रंजीता म्हणाली होती. “इतकी हिंमत हाये त सोमारीले तोंडावर इचारून दाखव. इचारलं त धानोऱ्याच्या बाजारात दोन प्लेट गुपचूप माह्याकडून.”

पण खरं सांगायचं तर नुसत्या गुपचूपसाठी, म्हणजे पाणीपुरीसाठी, चंचल उन्हात बाहेर आली नव्हती. तो प्रश्न गेले कित्येक महिने घरातच फिरत होता. कोणी तो मोठ्यानं विचारत नव्हतं, एवढंच.

गावात दगडी घर एकच. बाकीची मातीची, कुडाची, आणि अलीकडे सिमेंटची. चंचलचे बाबा, धनराज, आल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी घराचा इतिहास द्यायचे. साहेबाच्या राज्यात सागाच्या लाकडाचा एक ठेकेदार आला, घोड्यावरून जंगल फिरायचा, त्यानं हे घर बांधलं. जंगलाचा ठेका संपला तसा तो गेला. मग तेंदूपत्त्याच्या ठेकेदारानं घेतलं आणि वीसेक वर्षं त्यात पत्त्याचे बोरे भरले. त्याच्याकडून एका मास्तरानं घेतलं. मास्तर म्हातारे झाले, मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला, घराला कुलूप लागलं आणि वटवाघळं राहायला आली. वटवाघळांकडून, हे सांगताना बाबा हमखास हसायचे, वटवाघळांकडून घेतलं ते आपण. धानोऱ्याचं कृषी केंद्र बरं चालायला लागल्यावर, सात वर्षांपूर्वी.

आणि मग शेवटी, पाहुण्याच्या हातात पेला देता देता:

“या घराचा एकेक दगड कोणं वाहिला, मालूम हाये? माह्या आज्यानं. भैयाजीनं. ठेकेदाराचा गाडीवान होता तो. त्याले या पायरीच्या वर पाय ठेवाची सोय नव्हती. आज त्याचा नातू मालक हाये.”

इतिहास असा छान होता. पण गावाकडे त्याच घराचा दुसरा इतिहास होता. या घरात कोणी टिकत नाही, असा. घोड्यावरचा ठेकेदार तापानं खंगून गेला. पत्त्याचे बोरे एका उन्हाळ्यात जळाले. मास्तरांच्या बायकोचं डोकं फिरलं. आणि गेल्या श्रावणात चंचलची आई याच खालच्या पायरीवरून घसरली, उजवं मनगट मोडलं, हाड वाकडंच जुळलं. चार मालक, चार कहाण्या, आणि चारही कहाण्यांत एकच गोष्ट सारखी. मोह गळायला लागला की नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, तिथल्या छोट्या वस्तीतून, एक बाई येते, पायरीवर काहीतरी ठेवते आणि निघून जाते. आधी तिची आई यायची. आता ती येते. गावानं सांधा जुळवून टाकला होता. हल्ली दुकानदार सोमारीला तेलाची पिशवी हातात देत नसे, ओट्यावर ठेवून मागे सरत असे.

“बस,” सोमारी म्हणाली.

चंचल सवयीनं पायरीवरच बसायला गेली.

“तिथी नोको. इकडं बस.”

ती जमिनीवर बसली. जमीन तापलेली होती.

“करणी नाई,” सोमारी म्हणाली. “माहा आजा हाये इथी. नवा मोह निंगाला का पयले त्याले द्या लागते. मंग आपण खाचं.”

“इथी कुठी?”

सोमारीनं तळहात पायरीवर पालथा ठेवला. हळूच, झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

“मानूस गेला का आमी त्याच्या नावाचा दगड उभा करतो. लहान मानसाले लहान, मोठ्याले मोठा. माहा आजा कोलू, टोल्याचा मोठा मानूस. त्याचा दगड पुरुषभर उंच होता, माय सांगे. नाल्याच्या पल्याड, मोहाच्या खाली.”

तसले दगड चंचलनं पाहिले होते. मावशीकडे जाताना बसच्या खिडकीतून दिसायचे. रस्त्याच्या कडेला एका ओळीत, कोणी उंच, कोणी बुटका, बसची वाट पाहत उभे राहिल्यासारखे. बस त्यांच्यासाठी कधी थांबायची नाही. तिनं पायरीकडे नव्यानं पाहिलं. दाराच्या रुंदीपेक्षा लांब, एक टोक निमुळतं. पायरीला निमुळतं टोक कशाला, हे आजवर तिच्या मनातही आलं नव्हतं.

“तो दगड वाढते,” सोमारी सांगत होती. “मेलेला मानूस सुखात असला का दरसाली तांदळाच्या दाण्याएवढा वर येते. बुढे लोक बोट लावून पाहात.”

“आन् हा?”

दोघींचीही नजर एकाच जागी गेली. पायरीच्या मधोमध खळगा पडला होता. पावसात त्यात पाणी साचायचं आणि चिमण्या प्यायला यायच्या. या घरात राहायला आले तेव्हा चंचल दुसरीत होती. त्या खळग्यात तिची टाच अशी बरोबर बसायची की तिला वाटायचं, हा आपल्यासाठीच केला आहे.

“हा झिजला,” सोमारी म्हणाली. मग बोटं न मोडता, जणू कोणाकोणाच्या घरी लग्न झालं ते सांगावं तशी सांगत गेली. “पयले घोड्यावाल्याचे बूट. त्याच्या चौकीदारानं माह्या मायले काठीनं हाकललं होतं. मंग पत्तावाल्याचे हमाल, पाठीवर बोरे घेऊन उतरत. तो मालक चांगला होता. काई बोलला नाई कवा. एक साली त्यानंच इथी एक बिडी ठेवली, म्हने तुह्या आज्याले दे. मंग मास्तर. शिकवणीचे पोट्टे दिवसभर वर-खाली. त्याची बायको मी गेली का गोमूत्र शिंपडे. आन् आता तुमी. तुही माय झाडू मारते.”

चंचलचे कान गरम झाले. आई झाडू मारायची हे खरंच होतं. काठीनं, दुरून, नाकाला पदर लावून.

“तिले मालूम नाई,” ती म्हणाली.

“मारू दे. तवरिक त्याचं खाऊन होते.”

सोमारीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण गालाची एक सुरकुती हलली. बोरिंगमागून मिथुनचा दबका खोकला ऐकू आला.

“मंग तुमी परत काऊन नाई मागला?”

“मालकाले मागा लागते. एका मालकाले समजावाले दहा साल लागते, अन् तो समजाले लागला का घर इकून जाते. नव्याले पयल्यापासून सांगा.” तिनं एक घरंगळलेलं फूल उचलून पुन्हा खळग्यात ठेवलं. “मास्तरले सांगतलं होतं मी. तो म्हने, हे सगळं लिवून दे. मले कुठी लिवता येते.”

“पण इथी आणला कोणं?” हा प्रश्न पैजेत नव्हता. चंचलच्या तोंडून तो आपोआप निघाला.

“ठेकेदाराले पायरीले लांब दगड पायजे होता. फोडाले पाथरवट नाई भेटला. हा आयता उभा दिसला. आमच्या मानसायनं हात नाई लावला. मार खाल्ला, पण नाई लावला. मंग गाडीवानानं एकट्यानं दोर बांधला, अन् बैलायकून ओढला.” ती जरा थांबली. “गाडीवान इथलाच होता. त्याले काय मालूम. त्याच्या लोकांत दगड म्हंजे दगडच.”

गाडीवानाचं नाव तिनं घेतलं नाही. चंचललाही ते विचारावं लागलं नाही. पाहुणा आला की ते नाव घरात घेतलं जायचं, पाणी देण्याआधी.

सोमारीनं द्रोण, बाटली पिशवीत घातली. गुडघ्यांवर हात रोवून ती उठली आणि उठता उठता तिची नजर अंगणाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे रेतीचा ढीग होता. त्यामागे भिंतीला टेकवून, पोत्यांखाली झाकून काळ्या ग्रॅनाइटच्या लाद्या ठेवल्या होत्या. पोतं एका बाजूनं घसरलं होतं, आणि उघड्या पडलेल्या लादीत ऊन चमकत होतं.

“रेती कायले टाकली?”

सोमवारी श्रावण मिस्त्री येणार होता. दोन्ही पायऱ्या फोडायच्या, गाडी वर चढेल असा उतार करायचा, वरून ग्रॅनाइट. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. लाद्यांचा रंग चंचलनंच निवडला होता.

“मागच्या भिंतीले,” ती म्हणाली.

सोमारीनं लादीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली. “पुढच्या साली गुडघे चालले त येईन.”

ती गेली. नाल्याकडच्या पायवाटेवर तिचं हिरवं लुगडं बराच वेळ दिसत राहिलं. बोरिंगमागून दोघं धावत आले.

“काय म्हणे?” रंजीतानं दंड धरला. “करणीच हाये ना?”

“नाई.”

“मंग काय हाये ते?” मिथुननं पायरीवरच्या फुलांकडे मान लांब केली. मग सहज, नेहमीसारखा, एक पाय पायरीवर ठेवला.

“पाय काढ.”

“काऊन?”

“काढ म्हटलं ना.”

त्यानं पाय काढला आणि घाबरून चप्पल उलटी करून पाहिली. पर्यावरणावर सात मिनिटं न अडखळता बोललेल्या चंचलला दोन वाक्यं सापडेनात. सांगितलं तर शेवटच्या वाक्यात भैयाजी येणार होता.

“गुपचूप नोको मले,” ती म्हणाली आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेली.

“बिमार पडली हे,” मागून रंजीताचा आवाज आला. “मी सांगतलं होतं, इचारू नोको.”

दिवस कलल्यावर श्रावण मिस्त्री माप घ्यायला आला. चंचल खिडकीत गणिताची वही घेऊन बसली होती. सोमवारी पेपर होता. वहीत एकच उदाहरण तिनं तीनदा उतरवून काढलं होतं. बाहेर टेप सरसर उलगडली.

“वरची पायरी दोन घावांत निंगन,” श्रावण सांगत होता. “खालची मजबूत हाये. पण मोठा घन आणतो सोमवारी सातले. फोडून उताराच्या भरावातच टाकू, धनराजभाऊ. बाहेरून मुरूम आणाचं काम नाई.”

“घरातला माल घरातच,” बाबा खुशीत म्हणाले.

फुलं तोवर कोणी झाडली नव्हती. श्रावणनं टेपचं टोक धरायला ती पायानं बाजूला सारली.

जेवायला बसल्यावर आईनं नेहमीसारखा डाव्या हातानं भात वाढला. उजवा हात तिनं मांडीवर ठेवला होता. वाकड्या जुळलेल्या मनगटावरचं हाड लहान गोटीसारखं वर आलं होतं. बाबांनी चंचलकडे पाहिलं.

“आज मागच्या दारानं जाणं-येणं चालू हाये म्हणे तुहं. पुढचं दार कोणं बंद केलं?”

चंचलनं वरणात बोट फिरवलं.

“बाबा, भैयाजी आज्यानं खालच्या पायरीचा दगड कुठून आणला होता?”

बाबांचा चेहरा उजळला. हा त्यांचा आवडता भाग होता आणि आज पाहुणा नसतानाही कोणी विचारत होतं.

“नाल्याच्या पल्याडून. तेवढा लांब दगड आजूबाजूच्या दहा गावांत नव्हता. नाल्यात कमरेएवढं पाणी, दोन बैल अन् एकटा मानूस. बाकीचे मजूर पळून गेले म्हणे, वजन पाहून. ठेकेदारानं खुश होऊन फेटा बांधला त्याले.”

“फोडून काढला होता का तो?”

“फोडाचं काय काम? उभाच त होता तो…”

हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही. बाबांनी तो पुन्हा ताटात ठेवला, बोटांनी सारखा केला.

“उभा होता,” ते पुन्हा म्हणाले, या वेळी पाहुण्याला सांगायच्या आवाजात नाही.

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडली. आईनं बाबांकडे पाहिलं, मग चंचलकडे.

“जंगलात रायतातच दगड,” बाबा म्हणाले.

“उभे?”

बाबांनी वरण ओतून घेतलं, आधीचं तसंच असताना.

“कोणं सांगतलं तुले हे?”

“सोमारीबाईनं. तिच्या आज्याच्या नावाचा हाये तो. कोलू नाव होतं त्याचं. आणि मजूर वजन पाहून नाई पळाले.”

“त्या बाईचं काय ऐकून राह्यली तू? तुह्या मायचा हात पाह्य. त्या पायरीनं…”

“मी घसरली,” आई म्हणाली. तिनं आवाज वाढवला नव्हता. “शेवाळ आलं होतं. आठ दिवसांपासून घासतो घासतो म्हणत होती मी, अन् घासली नाई.” तिनं डाव्या हातानं उजवं मनगट झाकून घेतलं. “हे मी तेव्हाच सांगाले पायजे होतं. गावभर झालं तवा मी चूप राह्यली.”

बाबा ताटाकडे पाहत राहिले. मघाशी माप घेताना हसलेला माणूस आणि हा माणूस, यांच्यात एखाद्या आजाराचं अंतर पडल्यासारखं वाटत होतं. भिंतीवर भैयाजीचा फोटो नव्हता. त्याचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता. त्याचं म्हणून जे काही उरलं होतं ते हे घरच होतं आणि एक फेट्याची गोष्ट.

“म्हंजे माह्या आज्यानं चोरी केली म्हणतेस?”

“नाई,” चंचल म्हणाली. “त्याले मालूम नव्हतं.”

आणि मग, भाषणात टाळ्यांसाठी थांबायचं असतं तसं अजिबात न थांबता:

“आपल्याले आता मालूम हाये.”

“श्रावणले सांगून झालं,” बाबा म्हणाले. ते चंचलला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं. “लाद्या आल्या. लोक इचारतीन तर काय सांगू? दगड उचलून नेऊन उभा करू नाल्यापल्याड? अन् म्हणू काय, की…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ताटातच हात धुतला. भात तसाच राहिला होता.

चंचल उठली. तिनं आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. इथून पुढचं दार सरळ दिसायचं, आणि दाराबाहेर, संध्याकाळच्या उरलेल्या उजेडात, पायरीचं निमुळतं टोक.

“मी तिले खोटं सांगतलं,” ती म्हणाली. “रेती मागच्या भिंतीले हाये म्हणून.”

आईनं मान वर केली. बाबांनी केली नाही.

“सोमवारी मी पेपरले नाई जाणार. श्रावणभाऊ घन घेऊन येतीन तवा मी पायरीपाशी बसली राहीन.”

तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं.

“पायरीवर नाई. बाजूले.”